साधं टाकू का पावर?

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही पंपावर गाडी लागली, की नोझल हातात घेतलेला पोरगा विचारतो, "साधं टाकू का पावर?" मोटारसायकलवाला पटकन ‘साधं’ म्हणून मोकळा होतो. मालवाहू गाडीचा चालक मात्र घुटमळतो. मागे टोमॅटोचे कॅरेट असतात, सोयाबीनची पोती असतात, नाहीतर बाजाराला निघालेल्या शेळ्या असतात. ओझं जास्त, पुढे घाट, मग ‘पावर’ घातलेलंच बरं, असं त्याच्या मनात येतं. नावातच जोर आहे आणि भावही चढा आहे, म्हणजे गाडीही जोरात चालणार, हा त्याचा हिशेब.

हा हिशेब बहुतेक गाड्यांना लागू पडत नाही. पंपावर विकत मिळणारा ऑक्टेनचा आकडा ताकदीचा नसतो, तो सहनशक्तीचा असतो. इंजिन जेवढी सहनशक्ती मागतं तेवढी पेट्रोलमध्ये असली की पुरे. त्याहून जास्त ऑक्टेनसाठी मोजलेले पैसे धुराड्यातून निघून जातात.

पण त्याही आधी गाडीच्या टाकीचं झाकण पाहायला हवं. जिल्ह्यात नुसतं ‘पिकअप’ म्हटलं की डोळ्यांपुढे येते महिंद्राची बोलेरो पिकअप, आणि ती सहसा डिझेलवर चालते. डिझेलला ऑक्टेन लावत नाहीत, त्याचं माप सीटेन. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी पडेपर्यंत इंधनाने पेटायचं नसतं. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. तिथे हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते, आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप, ताबडतोब पेटावं लागतं. म्हणून एका इंधनाचा गुण तो दुसऱ्याचा दोष ठरतो. प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांप्रमाणे डिझेलचा सीटेन आपल्याकडे किमान ५१ असावा लागतो. चुकून डिझेल गाडीत पेट्रोल पडलं, तर चावी फिरवायचीच नाही. डिझेलच्या पंपाला आणि इंजेक्टरला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच, आणि पेट्रोल ते वंगण धुऊन टाकतं. अशा वेळी गाडी ढकलत बाजूला घेऊन टाकी रिकामी करणं हाच स्वस्तातला उपाय.

मग ऑक्टेनचा प्रश्न कोणाचा? छोट्या मालगाड्यांचा. टाटा एस ही गाडी २००५ मध्ये आली तेव्हा डिझेलचीच होती. गावोगाव ती ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाऊ लागली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि लहान डिझेल इंजिनांचा धूर साफ करण्याची यंत्रणा परवडेनाशी झाली. मारुतीने तर डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. त्यानंतर या आकाराच्या गाड्यांत पेट्रोल आणि सीएनजीचं प्रमाण वाढलं. टाटा एस गोल्डचं दोन सिलिंडरचं ६९४ सीसीचं पेट्रोल इंजिन, मारुतीच्या सुपर कॅरीचं १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी टाटा इंट्रा व्ही-२० अशा गाड्या आता तालुक्यांच्या आडत बाजारांत उभ्या दिसतात. ‘साधं का पावर’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने त्यांचा.

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर जाताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबलं जातं. दहा भागांचं मिश्रण एका भागात बसवलं, तर त्याला दहास एक दाब म्हणतात. दाब जितका जास्त, तितकं त्याच पेट्रोलमधून काम जास्त निघतं. म्हणूनच इंजिन घडवणारे हा आकडा वाढवायला धडपडत असतात. अडचण अशी, की दाबलं की तापतं. ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून कडेकडे पसरत जाते आणि जाता जाता कोपऱ्यात उरलेल्या मिश्रणाला आणखी चेपते. ते मिश्रण फार तापलं, तर ज्योत पोचायची वाट न पाहता एकदम भडकतं. त्याच्या दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात, आणि चालकाला ऐकू येतो धातूवर खिळे सांडल्यासारखा आवाज. मेकॅनिक म्हणतो, "गाडी नॉक करतीय."

थोडं नॉकिंग अधूनमधून झालं तर इंजिन ते सोसतं. सतत होत राहिलं, तर पिस्टनच्या माथ्यावर एरवी टिकून असलेला थंड वायूचा पातळ थर फुटतो आणि उष्णता थेट ॲल्युमिनियमला भिडते. पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात, रिंगांच्या मधली पट्टी तुटते, हेड गॅस्केट उडतं. अशा इंजिनाचा पिस्टन बाहेर काढला, तर त्याच्या कडेला वाळवी लागल्यासारखी बारीक बारीक छिद्रं दिसतात. बोअरचं काम निघालं, की भाड्याच्या गाडीचा हंगामच बुडतो.

ऑक्टेन म्हणजे हे अवेळी भडकणं टाळण्याची पेट्रोलची क्षमता. ती मोजायची कशी, हा प्रश्न अमेरिकेत १९२० च्या दशकात सुटला. ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने दोन शुद्ध द्रवांची मोजपट्टी सुचवली. आयसोऑक्टेन हा नॉकिंगला सहसा दाद न देणारा द्रव, त्याला १००. नॉर्मल हेप्टेन हा लगेच भडकणारा, त्याला शून्य. हे हेप्टेन तेव्हा कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन या झाडाच्या राळेतून मिळत असे, आणि टर्पेंटाइन गाळणारे लोक तिला घाबरत, कारण भट्टीवर ती स्फोट घडवायची. एखादं पेट्रोल ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकंच नॉक करत असेल, तर त्याचा ऑक्टेन ९१. चाचणीसाठी एका सिलिंडरचं खास इंजिन असतं आणि ते चालू असतानाच त्याचा दाब कमीजास्त करता येतो. ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालवून मिळतो तो रिसर्च ऑक्टेन नंबर, म्हणजे आरओएन. मिश्रण आधी तापवून ९०० फेऱ्यांवर जास्त कडक परीक्षा घेतली की मिळतो मोटर ऑक्टेन नंबर, आणि तो नेहमी खालचा असतो.

भारतात पंपावर सांगतात तो आरओएन. अमेरिकेत या दोन आकड्यांची सरासरी लिहितात. त्यामुळे टेक्सासमध्ये राहणारा कोणी मराठी माणूस आपल्या पिकअपमध्ये ८७ चं पेट्रोल घालतो, तेव्हा ते आपल्या ९१ च्या जवळपासचंच असतं. मोबाइलवर अमेरिकन ट्रकचे व्हिडिओ पाहून ‘तिकडे तर ८७ वर चालते’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. तिथल्याच एका गोष्टीतून आपल्याला शिकताही येतं. फोर्डच्या एफ-१५० पिकअपमधलं टर्बो इकोबूस्ट इंजिन ८७ वर चालतं, पण जड ट्रेलर ओढायचा असेल तर वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल घाला, अशी शिफारस कंपनीच करते. म्हणजे ओझं आणि ऑक्टेनचा संबंध खरा आहे. फक्त तो वरच्या ऑक्टेनचा फायदा उचलू शकणाऱ्या इंजिनांपुरता खरा आहे.

अशा इंजिनांच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. तो एक छोटासा स्फटिक. नॉकिंगची थरथर जाणवली की तो वीज देतो, आणि इंजिनचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. नॉकिंग थांबतं, पण जोर कमी होतो आणि पेट्रोल जास्त जातं. वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल मिळालं, तर संगणक ठिणगी पुन्हा लवकर पाडू शकतो आणि दबलेला जोर परत येतो. साध्या पेट्रोलवर चालावं म्हणूनच बनवलेल्या, टर्बो नसलेल्या लहान इंजिनात असा दबलेला जोर जवळपास नसतोच. तिथे ९९ चं पेट्रोल घातलं काय आणि ९५ चं घातलं काय, पिस्टनला फरक कळत नाही.

आता घाट. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, तर तुळजापूर बालाघाटाच्या माथ्यावर, साडेसहाशेच्या घरात. मे महिन्यात दुपारी, पारा चाळीशीच्या पुढे असताना भरलेली गाडी तो चढ चढते, तेव्हा नॉकिंगला लागणारं जवळपास सगळं एकत्र येतं. हवा गरम, इंजिन गरम, ओझं पूर्ण, आणि चालक चौथ्या गियरमध्येच ॲक्सिलरेटर दाबून धरलेला. इंजिनच्या फेऱ्या कमी असतात, पण सिलिंडरमध्ये मिश्रण ठासून भरलेलं असतं, आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापायला भरपूर वेळ मिळतो. गियर एकने उतरवला, की फेऱ्या वाढतात, प्रत्येक फेरीतला भार हलका होतो आणि आवाज जातो. जुने चालक हे हाताच्या सवयीने करतात. त्यांना ऑक्टेनचा आकडा ठाऊक नसला तरी इंजिनचा आवाज ठाऊक असतो. चढावर दोन लिटर महागडं पेट्रोल जे करत नाही, ते एक गियर करतो.

जिल्ह्याची उंचीही चालकाच्या बाजूने आहे. साडेसहाशे मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. सिलिंडरमध्ये हवा तेवढी कमी जाते, म्हणून टर्बो नसलेल्या इंजिनाची ऑक्टेनची गरजही थोडी उतरते. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या उंच भागात म्हणूनच ८५ चं पेट्रोल विकण्याची प्रथा पडली. मुंबई बंदरावर कुरकुर न करणारी गाडी धाराशिवात आणली, तर निदान उंचीमुळे तरी ती कुरकुर करणार नाही.

पैशांचा हिशेब कागदावर मांडला की गोष्ट स्पष्ट होते. समजा साधं पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि ‘पावर’सारखं प्रीमियम ११२ रुपये. गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि महिन्याला दोन हजार किलोमीटर पळते. पेट्रोल लागलं १२५ लिटर, आणि प्रीमियमचा जादा खर्च ८७५ रुपये. तो भरून निघायचा, तर गाडीने प्रीमियमवर लिटरला १७ किलोमीटरहून थोडं जास्तच द्यायला हवं, म्हणजे सुमारे सात टक्के जास्त. साध्या ऑक्टेनसाठी बनवलेल्या इंजिनाकडून अशी अपेक्षा करायला काही आधार नाही. प्रीमियममध्ये इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायनं असतात आणि त्यांचा उपयोग खराच आहे. पण तो ऑक्टेनचा उपयोग नव्हे, आणि त्यासाठी रोज ते पेट्रोल घालण्याची गरज नाही. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये शंभर ऑक्टेनचं ‘एक्सपी-१००’ बाजारात आणलं. ते उंची मोटारींसाठी आणि भारी मोटारसायकलींसाठी. भाजी वाहणाऱ्या छोट्या हत्तीला ते घालणं म्हणजे शुद्ध नुकसान.

आणि गेल्या काही वर्षांत साधं पेट्रोलच पूर्वीचं राहिलेलं नाही. बीएस-२ च्या काळात साध्या पेट्रोलचा आरओएन ८८ होता. पुढे तो ९१ झाला. आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० पेट्रोलचा आरओएन ९५ आहे. म्हणजे काही वर्षांपूर्वी जास्त पैसे देऊन ‘प्रीमियम’ म्हणून घेतला जाणारा आकडा आज साध्या नोझलमधून मिळतो. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या वर असतो. शिवाय त्याची वाफ होताना ते बरीच उष्णता शोषून घेतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारं मिश्रण थंड राहतं. नॉकिंगविरुद्ध हा दुहेरी फायदा.

इथेनॉलचा हा गुण शंभर वर्षांपूर्वीच माहीत होता. जनरल मोटर्सचा संशोधक थॉमस मिजली याने ऑक्टोबर १९२१ मध्ये तीस टक्के अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर जास्त दाबाच्या इंजिनाची गाडी चालवून दाखवली होती. मग ९ डिसेंबर १९२१ ला त्याच्याच प्रयोगशाळेत टेट्राइथिल लेड सापडलं. अगदी थोडं घातलं तरी पुरणारं, पेटंट घेता येणारं शिशाचं संयुग. अल्कोहोल कोणीही शेतकरी गाळू शकतो, त्यावर कंपनीची मालकी चालत नाही. शिसं जिंकलं. १९२३ मध्ये विक्री सुरू झाली आणि १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात शिशाच्या विषबाधेने कामगार वेड्यासारखे होऊन मेले. तरीही ते पेट्रोल जगभर पसरलं. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसंमुक्त पेट्रोल देशभर सक्तीचं झालं, आणि २०२१ मध्ये अल्जीरियाने विक्री थांबवल्यावर जगातला मोटारींसाठीच्या शिसेयुक्त पेट्रोलचा शेवटचा पंप बंद झाला. दोन पिढ्यांच्या मुलांच्या रक्तात शिसं भरून झाल्यावर मिजलीने बाजूला ठेवलेला द्रव परत आला. हे शंभर वर्षांचं नुकसान कुठल्याही पेट्रोलच्या भावात धरलं गेलेलं नाही.

धाराशिवचं या परतीशी थेट नातं आहे, कारण इथे ऊस गाळला जातो. ढोकीचा तेरणा कारखाना मराठवाड्यातल्या जुन्या सहकारी कारखान्यांपैकी एक. कळंब तालुक्यात रांजणीला नॅचरल शुगर आणि चोराखळीला धाराशिव साखर कारखाना. उसाच्या मळीतून किंवा रसातून गाळलेलं अल्कोहोल साधारण ९५ टक्क्यांवर अडकतं, कितीही उकळलं तरी उरलेलं पाणी त्याला सोडत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल मात्र ९९.५ टक्क्यांच्या वर शुद्ध लागतं. म्हणून वाफ झिओलाइटच्या मण्यांमधून सोडतात. त्यांची छिद्रं इतकी नेमकी असतात, की पाण्याचा रेणू आत अडकतो आणि इथेनॉलचा पुढे जातो. झिओलाइटचा वापर हवेतला नायट्रोजन धरून ठेवून ऑक्सिजन वेगळा करायलाही होतो. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत खाटांवर माणसं तडफडत असताना, चोराखळीच्या कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून ऑक्सिजन तयार केला. साखर कारखान्यातून रुग्णालयात ऑक्सिजन जाण्याचा हा देशातला पहिला प्रयोग म्हणून गाजला, आणि जिल्ह्याने त्याचा अभिमान बाळगावा असाच तो होता.

इथेनॉल मिसळण्याच्या प्रयोगातही महाराष्ट्र सुरुवातीपासून होता. २००१ मध्ये मिरज आणि मनमाड, आणि उत्तर प्रदेशातलं एक ठिकाण, अशी तीन प्रायोगिक केंद्रं निवडली होती. २०१४ पर्यंत देशाची सरासरी दीड टक्क्याच्या आसपासच रेंगाळत होती. जून २०२२ मध्ये ती दहा टक्क्यांवर गेली, ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत ई-२० ची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये वीस टक्के झाले. मिसळण्याचं काम पंपावर होत नाही, ते तेल कंपन्यांच्या डेपोत होतं. सोलापूरजवळ पाकणीला असे डेपो आहेत.

पण इथेनॉलसाठीच्या उसाला पाणी लागतं, आणि धाराशिव पर्जन्यछायेतला जिल्हा आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाज असा, की उसापासून एक लिटर इथेनॉल बनवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. तीस लिटरची टाकी ई-२० ने भरली तर तीत सहा लिटर इथेनॉल असतं, आणि ते सगळं उसाचं असेल, तर त्यामागे सतरा हजार लिटर पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती धाराशिवच्याच रुळांवरून. ज्या मिरजेत इथेनॉलचा प्रयोग सुरू झाला, तिथूनच शेजारच्या जिल्ह्याला प्यायचं पाणी न्यावं लागलं. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, तेव्हा डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंदी घातली आणि काही दिवसांतच ती थोडी सैल केली. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात मक्याचा वाटा सर्वांत मोठा झाला. मका आणि इतर कमी पाण्याच्या पिकांकडे हे वळण टिकलं, तर जिल्ह्याच्या विहिरींना ते मानवेल.

चालकाला मात्र पाण्यापेक्षा आधी मायलेज जाणवतं. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर इथेनॉलमध्ये २१ च्या आसपास. वीस टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सुमारे सात टक्के घटते. शुद्ध पेट्रोलसाठी आखलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं मायलेज सहा ते सात टक्के पडेल, असा नीती आयोगाचाही अंदाज होता. ई-२० साठीच जुळवलेल्या इंजिनात ही घट एक-दोन टक्क्यांवर येते. म्हणजे गंमत अशी, की ऑक्टेन वाढला आणि मायलेज उतरलं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, याचा याहून थेट पुरावा शोधायला नको. हे मायलेज परत मिळवायला प्रीमियम घालणारा चालक दोनदा पैसे मोजतो.

म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने आता ऑक्टेनची काळजी सोडून रबराची करावी. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ई-२० ला टिकणारे आहेत आणि एप्रिल २०२५ पासूनची इंजिनं त्यासाठी जुळवलेली आहेत. त्याआधीच्या गाडीत इंधनाची नळी, गॅस्केट, ओ-रिंग हे भाग नजरेखालून घालायला हवेत. नळी बोटांनी दाबून पाहिली की फुगलेली, चिकट झालेली किंवा चिरा गेलेली लगेच कळते. काही शे रुपयांचा भाग आहे, पण गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर गाडी जाते.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते मिश्रणातच सांभाळतं. ते जास्त झालं, तर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन एकदम घसरतो, कारण त्याला उचलून धरणारं इथेनॉलच निघून गेलेलं असतं. हंगाम संपल्यावर अर्ध्या टाकीवर महिनोन्‌महिने उभी केलेली गाडी पावसाळ्यानंतर आचके देते, त्याच्या मागे हेही कारण असू शकतं. उभी करायचीच असेल, तर टाकी भरलेली ठेवावी आणि झाकणाचं रबर तपासावं. रिकाम्या जागेत ओलसर हवा साठते.

तिसरी गोष्ट भेसळीची, आणि ती सर्वांत गंभीर. रॉकेल मिसळलं की पेट्रोलचा ऑक्टेन कोसळतो. रॉकेल पूर्ण जळत नाही, प्लग काळे करतं, सिलिंडरमध्ये कार्बन साठवतं, आणि तो कार्बन तापून पुन्हा नॉकिंग वाढवतो. रेशनच्या स्वस्त रॉकेलाला निळा रंग देत, तो याच चोरीला आळा बसावा म्हणून. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ तेलाच्या टँकरमधली भेसळ पकडू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळलं. ऑक्टेन खाली पाडणाऱ्या धंद्यात किती पैसा होता आणि तो टिकवायला माणसं कुठपर्यंत जात होती, हे महाराष्ट्राला त्या दिवशी कळलं. पुढे रॉकेल रेशनवरून बरंचसं गेलं आणि या चोरीची वाट अरुंद झाली, पण पंपावर तपासणी मागण्याचा ग्राहकाचा हक्क तेव्हा होता तसाच आजही आहे. फिल्टर पेपर मागावा, नोझलचं तोंड पुसून त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकावा. दोनेक मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला तर ठीक, तेलकट डाग राहिला तर भेसळ. घनतेची नोंद पाहता येते आणि पाच लिटरचं प्रमाणित मापही मागता येतं. कोणत्याही पंपाने यासाठी तोंड वाकडं करायचं कारण नाही.

आपल्या गाडीला कोणता आकडा लागतो, हे शोधायला फार फिरावं लागत नाही. तो मालकाच्या पुस्तिकेत छापलेला असतो, आणि बहुतेकदा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूलाही. तिथे ९१ लिहिलं असेल, तर साध्या ई-२० मधला ऑक्टेन त्याहून जास्तच आहे. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत तर नॉकिंगची भीती आणखी कमी, कारण मिथेनचा ऑक्टेन १२० च्या घरात जातो. अशी गाडी बऱ्याचदा सुरू होते पेट्रोलवर आणि मग गॅसवर जाते, त्यामुळे तिच्या टाकीतलं पेट्रोल फार काळ तसंच पडून राहतं. ते महिन्यातून एकदा तरी चालवून संपवावं आणि ताजं भरावं.

आणि पुस्तिकेप्रमाणे पेट्रोल घालूनही चढावर आवाज येत असेल, तर शोध पंपावर न घेता इंजिनात घ्यावा. आधी गियर उतरवून पाहावा. मग पासिंगपेक्षा जास्त माल भरलाय का ते पाहावं. रेडिएटरमधलं पाणी आणि पंखा तपासावा, कारण तापलेलं इंजिन चांगल्या पेट्रोललाही नॉक करायला लावतं. प्लग उष्णतेच्या योग्य दर्जाचे आहेत का, एअर फिल्टर धुळीने भरला नाही ना, नॉक सेन्सरची वायर उंदराने कुरतडली नाही ना, हे गॅरेजमध्ये एका दुपारी पाहून होतं. एवढं करूनही आवाज राहिला, तर एकच टाकी वरच्या ऑक्टेनची भरून बघावी. त्याने आवाज गेला, तर सिलिंडरमध्ये कार्बनचा थर साठलाय किंवा टायमिंग पुढे गेलंय असं समजावं, आणि पुढच्या टाकीचे जादा पैसे हेड उघडून कार्बन काढणाऱ्या मेकॅनिकला द्यावेत.